गाड्या घडवणाऱ्यांची जत्रा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा भाचा जर्मनीत कार्ल्सरूहला मेकॅनिकल शिकतो. सुट्टीत तो मित्रांबरोबर युरोपा-पार्क नावाच्या मोठ्या बागेत जाऊन आला. परत आल्यावर म्हणाला, 'मामा, ही बाग ज्यांनी काढली ते स्वतःच पाळणे तयार करणारे होते.' माझे वडील लाकडी रहाटपाळणा घेऊन आसपासच्या जत्रा करायचे. चार पाळणे आणि हाताने फिरवायचा रहाट, एवढंच भांडवल. म्हणून उत्सुकता वाटली. हे गृहस्थ कोण? कारखानदार की बागेचे मालक? पाळणे करणारा माणूस एवढी बाग उभी करू शकतो का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : तुमच्या वडिलांच्या रहाटपाळण्याचं वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुमचंच उत्तर लिहायला बसले. माझे आजोबा मिरजेजवळच्या एका गावात बैलगाड्या करायचे. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पाटे, आणि सगळ्यांत शेवटी भट्टीत लाल केलेली लोखंडी धाव. ती चाकावर बसवली की लगेच पाणी मारायचं. धाव आवळत जायची आणि लाकडाचा सांधा न् सांधा करकरत घट्ट व्हायचा. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. तुम्ही विचारलेले गृहस्थ म्हणजे फ्रान्त्स माक, आणि त्यांचं घराणं हेच काम करणाऱ्यांचं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. ते कसं घडलं, ते सांगते.

१९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं मी फ्रायबुर्गला होते. पुण्यातल्या ज्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढायचे, त्यांनी मला तिकडे शिकायला पाठवलं होतं. फ्रायबुर्गहून एल्त्स नदीच्या खोऱ्यात एक छोटी रेल्वे जाते. तिच्यावर वाल्डकिर्ख नावाचं गाव लागतं. एका अंगाला कांडेलचा उंच डोंगर, वर पडक्या किल्ल्याचा बुरूज, खाली कौलारू घरं. पहिल्यांदा उतरले तेव्हा मला आधी ऐकू आली ती बाजाची पेटी, आणि गाव दिसलं त्यानंतर. चौकात एक म्हातारे गृहस्थ दांडा फिरवत होते आणि पेटीतून सुरांचा लोट निघत होता.

वाल्डकिर्ख हे या पेट्यांचं गाव. ब्रूडर, रूट अशी तिथली घराणी जत्रांसाठी ऑर्गन बनवत. पॅरिसच्या गाविओली कंपनीनेसुद्धा इथे शाखा काढली होती. पुठ्ठ्याच्या लांबच लांब घडीच्या पट्टीला भोकं पाडलेली असतात. पट्टी यंत्रातून सरकली की भोकांप्रमाणे हवा नळ्यांत जाते आणि बाजा वाजतो. मोठा जत्रा-ऑर्गन म्हणजे लहानशा खोलीएवढं धूड. नळ्या, पडदे, ताल देणाऱ्या लाकडी बाहुल्या, वर सोनेरी नक्षी. हे सगळं गावोगाव न्यायचं कशातून?

इथे माक घराणं येतं. पाउल माक यांनी १७८० साली वाल्डकिर्खमध्ये गाड्या आणि टपालाच्या बग्ग्या बनवायला सुरुवात केली. पुढे गावातले ऑर्गनवाले त्यांच्याकडे आले. त्यांना बाजा वाहून नेणारी गाडी हवी होती. ऑर्गनवाल्यांच्या मागून जत्रेतले खेळवाले आले. त्यांना राहायच्या गाड्या हव्या होत्या, सामानाच्या गाड्या हव्या होत्या. आणि ज्याच्याकडून गाडी घ्यायची त्यालाच माणूस विचारतो, 'मला पाळणा करून देशील का?' गाडीकडून पाळण्याकडे हे घराणं असं आलं. गिऱ्हाईक तेच राहिलं, त्याची गरज तेवढी बदलत गेली.

फ्रान्त्स माक यांचा जन्म ७ मार्च १९२१ चा, वाल्डकिर्खचाच. त्याच सुमारास कारखान्यातून लाकडी रोलरकोस्टर बाहेर पडू लागले होते. म्हणजे हा मुलगा रंध्याच्या भुश्श्यात आणि जत्रेच्या रंगात एकदमच वाढला. महायुद्धानंतर जर्मनीत जत्रा पुन्हा भरू लागल्या. उपाशी, दमलेल्या लोकांना हसायला काहीतरी हवं होतं, आणि फ्रान्त्स व त्यांचे भाऊ ते बनवून देत होते.

त्यातलं एक यंत्र तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्या वडिलांना ते आवडलं असतं. त्याचं नाव 'विल्डे माउस', म्हणजे रानउंदीर. दोघांची लहानशी गाडी, रुळाला उतार फारसा नाही, वेगही बेताचा. तरी माणसं किंचाळतात, कारण चाकं गाडीच्या मागच्या भागाकडे बसवलेली असतात. वळण आलं तरी बसणाऱ्याचा पुढचा भाग सरळच पुढे जातो, रुळाच्या कडेबाहेर, हवेत. आता गेलोच, असं वाटेपर्यंत चाकं वळणावर पोचतात आणि गाडी खटकन वळते. दहा मीटर उंची वाढवायला किती लाकूड, किती पैसा लागेल! इथे फक्त चाकं मागे सरकवली. सुतारकामाचा हिशोब ज्याच्या हातात आहे त्यालाच हे सुचतं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस असे लाकडी रानउंदीर वाल्डकिर्खहून अमेरिकेपर्यंत गेले.

आता बागेकडे वळू. १९७२ साली फ्रान्त्स आणि त्यांचा थोरला मुलगा रोलांड अमेरिका बघायला गेले. रोलांड तेव्हा कार्ल्सरूहलाच मेकॅनिकल शिकत होते, तुमच्या भाच्याच्या गावी. हे त्याला जरूर सांगा. अमेरिकेतल्या बागांमध्ये बापलेकांनी पाहिलं की तिथले पाळणे गावोगाव हिंडत नाहीत, ते एका जागी असतात आणि माणसं त्यांच्याकडे येतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने परतीच्या वाटेवर ठरवलं की आपणही अशी बाग काढायची. त्यामागे कारखान्याचा साधा हिशोब होता. आपलं यंत्र घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला कागदावरचं ड्रॉइंग किती दिवस दाखवायचं? बाग असली तर यंत्र चालू असतं, त्यात माणसं बसलेली असतात. गिऱ्हाइकाला म्हणायचं, बसा आणि मग बोलू.

पहिली जागा ऱ्हाइनकाठी ब्रायझाखजवळ ठरत होती. या ब्रायझाखने १९५० सालीच संयुक्त युरोपच्या बाजूने मतदान केलं होतं. पण ती जमीन पुराचं पाणी साठवण्यासाठी राखलेली निघाली आणि बेत फसला. मग सापडलं रुस्ट. ऱ्हाइनच्या पाणथळीतलं कोळ्यांचं खेडं, आणि तिथे १४४२ साली बांधलेला बाल्थाझार वाडा, भोवती जुन्या झाडांचं मोठं आवार. १२ जुलै १९७५ रोजी तिथे युरोपा-पार्क उघडलं. आवार सुमारे १६ हेक्टरांचं होतं, आणि पहिल्या हंगामात अडीच लाख माणसं आली. तीन वर्षांत आकडा दहा लाखांवर गेला. आज ही बाग जवळपास ९५ हेक्टरांवर पसरली आहे आणि वर्षाला साठ लाखांच्या आसपास माणसं तिथे येतात.

आणि एल्त्स नदी! वाल्डकिर्खमध्ये कारखान्याच्या गावातून जाते ती नदी, आणि खाली रुस्टला बागेला लागून वाहते तीही तीच. कारखाना वरच्या काठाला, बाग खालच्या. नकाशावर बोट ठेवून मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

कारखानदार की मालक, हे तुम्ही विचारलंत. माझ्या मते फ्रान्त्स माक शेवटपर्यंत घडवणारेच राहिले. १९८४ साली बागेत आल्प्स पर्वतातल्या खाणीच्या थाटाची विजेवर चालणारी गाडी आली, आणि लगेच १९८५ साली स्विस बोबबान. ही बोबबान मला सगळ्यांत जास्त आवडते. बर्फावरून घसरणाऱ्या बोबस्लेजसारखी ती आहे, तिला रूळच नाहीत. अर्ध्या नळीसारखा लोखंडी पन्हाळ असतो आणि त्यात चाकांची गाडी मोकळी सोडलेली असते. वळणावर गाडी आपला मार्ग आपण शोधते. भरलेली, जड गाडी पन्हाळाच्या भिंतीवर अधिक चढते, हलकी थोडी कमी. म्हणजे कुठलीही फेरी आधीच्या फेरीसारखी होत नाही, आणि तरी प्रत्येक फेरी सुखरूप खाली आली पाहिजे. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला विचारा, रूळ नसलेली गाडी कागदावर उतरवणं किती अवघड असतं ते.

२००९ साली बागेत ब्लू फायर हा रोलरकोस्टर सुरू झाला. त्याला चढच नाही. चुंबकी मोटर गाडीला कुठेही न शिवता अडीच सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटरवर नेते. माक कारखान्याचा तशा जातीचा तो पहिला रोलरकोस्टर. फ्रान्त्स तेव्हा ८८ वर्षांचे होते. टपालाच्या बग्गीपासून सुरू झालेल्या घराण्यातल्या माणसाने हे डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी, २०१० साली, त्यांचं निधन झालं. आज त्यांची नातवंडं, घराण्याची आठवी पिढी, बाग आणि कारखाना बघते.

माझ्या आजोबांच्या गावात रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकाचं काम दहा-बारा वर्षांत संपलं. आजोबांकडे गिऱ्हाईक नवी मागणी घेऊन आलंच नाही. त्यांच्या हातांत कसब कमी होतं, असं मी कधीही मान्य करणार नाही.


प्रश्न : युरोपा-पार्क म्हणजे डिस्नेलँडची नक्कल आहे, असं एका मित्राने सांगितलं. युरोपातले देश उभे केलेत तेही तसंच. खरं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्राचं थोडं खरं आहे, ते आधी सांगते. १९८७ साली बागेत 'पिराटेन इन बाटाविया' हा बोटीतला खेळ आला. समुद्री चाच्यांच्या गावातून अंधारात बोट जाते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या चाच्यांच्या खेळावरून तो सुचला, यात कुणी काही लपवलेलं नाही. पण गाव कुठलं निवडलं? बाटाविया, म्हणजे आजचं जकार्ता, डच व्यापाऱ्यांचं आशियातलं ठाणं. हॉलंडच्या विभागातून बोट जावाला निघते. २६ मे २०१८ रोजी लागलेल्या आगीत तो खेळ जळून खाक झाला. तो परत बांधला आणि २०२० च्या जुलैमध्ये पुन्हा उघडला.

देशांची कल्पना मात्र पहिल्या दिवसापासून नव्हती. १९७५ साली नाव 'युरोपा' होतं, पण ते ब्रायझाखच्या फसलेल्या बेतातून आलेलं. इटलीचा विभाग आला १९८२ साली. त्यानंतर एकामागून एक देश. उलरिश डाम्राऊ या मांडणीकाराने, जे नाटक-सिनेमाच्या सजावटीतून आले होते, ते देश रेखले. मला वाटतं, त्या मुलखात ही कल्पना फार खोलवर जाते. रुस्टहून ऱ्हाइन ओलांडली की फ्रान्स. विसाव्या शतकातच त्या नदीच्या दोन्ही काठांवरून तोफा डागल्या गेल्या होत्या. फ्रान्त्स माकांच्या वयाच्या माणसाने तिथे इटली, फ्रान्स, हॉलंड शेजारी शेजारी मांडले आणि फ्रेंच कुटुंबं आपली पोरं घेऊन यायला लागली. याला मी नक्कल म्हणणार नाही.

आणखी एक आठवण आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ युरो डिस्ने उघडलं. आमच्या कॅन्टीनमध्ये महिनाभर एकच विषय होता, आता रुस्टचं काय होणार? माझ्या टेबलावरचे दोघे तर म्हणाले की दोन वर्षांत कुलूप लागेल. त्याच उन्हाळ्यात आम्ही सगळे रुस्टला गेलो आणि तीन तास रांगेतच उभे राहिलो. आम्ही गेलो ते यूरोसॅटसाठी. चंदेरी गोल घुमटाच्या आत, अंधारात तो रोलरकोस्टर चालायचा, १९८९ चा. बाकीचे ताऱ्यांबद्दल बोलत होते, आणि मी वर चढायची पद्धत बघत होते. सरळ चढ नाही. मधोमध मोठं पिंप फिरतं आणि गाडी त्याच्याभोवती गिरकी घेत वर जाते, जिन्यासारखी. जागा वाचते, आणि वर पोचेपर्यंत माणसाला दिशेचं भान राहत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर मी त्याचं रेखाटन काढलं, अजून माझ्याकडे आहे. तीन वर्षांनी, १९९५ साली, बागेने आपलं पहिलं हॉटेल बांधलं. कुलूप लागलं नाही.


प्रश्न : रोलरकोस्टरचा उभा फेरा गोल नसून अश्रूच्या थेंबासारखा का असतो? हाही माक यांचाच शोध का?
– अकरावीतला विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे बाळा, हा मान दुसऱ्या जर्मन माणसांचा. बायर्नमधल्या म्युन्स्टरहाउझेनचे आन्टोन श्वार्झकोप्फ हे यंत्र घडवणारे, आणि त्यांच्याबरोबर हिशोब करणारे अभियंते वेर्नर श्टेंगेल. १९७६ साली या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन बागेत असा फेरा उभा केला आणि तिथून पुढे सगळ्या जगाने तो उचलला.

हिशोब तुला जमेल. पूर्ण गोल फेऱ्यात वरच्या टोकाला माणूस खाली पडू नये एवढाच कमीत कमी वेग धर. मग खाली येताना वाढलेला वेग काढ. फेऱ्याच्या तळाशी अंगावर वजनाच्या सहापट दाब येतो. मान दुखावणारच. म्हणून खालचा भाग मोठ्या त्रिज्येचा ठेवायचा आणि वर जाता जाता त्रिज्या लहान करत न्यायची. जिथे वेग जास्त तिथे वळण हळुवार, जिथे वेग कमी तिथे वळण आवळलेलं. रेल्वेचा रूळ सरळातून वळणात नेतानाही हाच वक्र वापरतात. वहीत काढून बघ, आणि गोल फेऱ्याशी ताडून पाहा.

तुला गाडी रुळावरून का उडत नाही, हाही प्रश्न पडला असेलच. चाकांचे तीन संच असतात. एक रुळावर, एक रुळाच्या बाजूला, एक रुळाच्या खालून. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतलं.

श्वार्झकोप्फ यांच्याबद्दल मात्र वाईट वाटतं. एवढा मोठा कारागीर, पण १९८३ साली कंपनीचं दिवाळं निघालं. तरी हात थांबले नाहीत. १९८९ साली त्यांचा पाच फेऱ्यांचा 'ओलिम्पिया लूपिंग' उभा राहिला. हा सुटा करून गावोगाव नेता येतो आणि म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला लागतो. फ्रान्त्स माक आणि श्वार्झकोप्फ दोघंही एका पिढीचे. माकांकडे कारखान्याच्या पाठीशी स्वतःची बाग होती, श्वार्झकोप्फ यांना प्रत्येक वेळी नवं गिऱ्हाईक शोधावं लागे. कारागिराला हा फरक किती महागात पडतो, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे.


प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. मे महिन्यात सासूबाई-सासरे साताऱ्याहून येत आहेत, मुलं सात आणि अकरा वर्षांची. युरोपा-पार्क म्हाताऱ्या माणसांना झेपेल का?
– एक वाचक

उत्तर : झेपेल, पण एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरू नका. बागेत आगगाडी आणि उंचावरून जाणारी मोनोरेल आहे. सासूबाई-सासऱ्यांना आधी तिच्यात बसवा. बसल्या जागी सगळे देश दिसतात आणि कुठे पायी जायचं ते त्यांना ठरवता येतं. बाटावियाच्या बोटीतही ते आरामात बसतील. अकरा वर्षांच्याला बोबबानमध्ये बसवा. त्याने सिल्व्हर स्टार या उंच रोलरकोस्टरचा हट्ट धरला तर प्रवेशाशीच उंची-वयाची पाटी वाचा, तो ७३ मीटरवरून खाली येतो. तो मात्र माकांचा नाही, स्वित्झर्लंडच्या कंपनीने केलेला, २००२ चा.

जमलं तर आदल्या दिवशी वाल्डकिर्खला मुक्काम करा. तिथल्या एल्त्सटाल संग्रहालयात जुने जत्रा-ऑर्गन आहेत. साताऱ्याकडच्या जत्रा पाहिलेल्या माणसांना ते फार आवडतील. सकाळी रेल्वेने रिंग्सहाइमला उतरा, तिथून रुस्टला बस मिळते. बागेत शिरल्यावर मुलं यंत्रांकडे धावतील, धावू द्या. तुम्ही मोठ्यांना बाल्थाझार वाड्याच्या आवारात न्या. तिथली झाडं बागेपेक्षा कितीतरी जुनी आहेत, खाली बाकं आहेत, आणि मे महिन्यात सावली दाट असते.